कापसाला आंघोळ नको, फणी हवी

नागपूरहून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

‘मुलाने दोन वर्षांपूर्वी मित्राकडून पर्शियन बोका आणला. पांढराशुभ्र, म्हणून नाव कापूस. मुलगा-सून दोघंही नोकरीला, त्यामुळे बघणारी मीच. आमच्याकडे एप्रिलमध्येच पारा ४३ वर गेलाय, नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, तर अजून यायचाय. मला स्वच्छतेची आवड आहे. दर रविवारी त्याला आंघोळ घालते, पाण्यात झाकणभर जंतुनाशक टाकते, फरशी रोज फिनाईलने पुसते. तरी पिसवा झाल्याच. शेजाऱ्यांनी त्यांच्या कुत्र्याची पावडर दिली, ती लावली तर त्याच्या तोंडाला फेस आला. केसांचे गोळे झालेत. मुलगा म्हणतो, उन्हाळ्यापुरता गुळगुळीत करून टाकू. सुनेला तिसरा महिना आहे आणि शेजारीण म्हणते, आता मांजर घरात नको, बाळाला धोका असतो. खायला दूध-पोळी आणि बाजारचं कोरडं खाणं देतो. पाणी फार पीत नाही. कालपासून सारखा रेतीच्या टबात जाऊन बसतोय, बद्धकोष्ठ असेल. त्यावर घरगुती उपाय सांगाल का?’

ताई, बाकीचं पत्र बाजूला ठेवून मी त्या टबाच्या वाक्याशी थांबले आणि तुम्हाला फोन केला, ते तुम्हाला ठाऊकच आहे. इतर वाचकांसाठी पुन्हा सांगते, कारण ही चूक घरोघरी होते. बोका सारखा टबात जाऊन बसतो, जोर लावतो, ओरडतो, मागचा भाग चाटत राहतो आणि टबात काहीच दिसत नाही, तेव्हा ते बद्धकोष्ठ आहे असं धरून चालू नका. त्याची लघवी अडलेली असू शकते. बोक्याची मूत्रनळी टोकाकडे फार अरुंद असते. बारीक स्फटिक आणि चिकट स्राव यांचा एवढासा बोळा तिला पुरतो. लघवी तुंबली की मूत्रपिंडं थकतात, रक्तात पोटॅशियम चढतं आणि हृदयाचा ठोका चुकायला लागतो. एक-दोन दिवसांत जनावर हातचं जातं. एरंडेल, इसबगोल, पोट चोळणं यातलं काहीही करायचं नाही, रात्र असो की रविवार, थेट डॉक्टरकडे जायचं. कापसाला त्याच रात्री नळी घालावी लागली, आणि आता तो घरी आहे. म्हणून आता बाकीच्या पत्राला सावकाश उत्तर देते.

आधी पाणी, कारण हे दुखणं बरंचसं तिथून येतं. मांजराचे पूर्वज पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेच्या कोरड्या मुलखातले. पाणवठा शोधत फिरण्यापेक्षा शिकारीच्या मांसातली ओल घ्यायची आणि लघवी घट्ट करून पाणी वाचवायचं, ही त्यांची रीत. आपलं मांजर अजून त्याच हिशेबाने चालतं. तहान लागली तरी ते म्हशीसारखं हौदावर जात नाही. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० मिली पाणी लागतं, त्यात खाण्यातलं पाणीही धरा. उंदराच्या अंगात निम्म्याहून कितीतरी जास्त पाणी असतं, पाकिटातल्या कोरड्या खाण्यात जेमतेम दहावा हिस्सा. आता ४३ अंशांत कोरडे दाणे खाणाऱ्या बोक्याची लघवी कशी होत असेल ते बघा.

तर खाणं ओलं करा. मांजरासाठीचं ओलं खाणं मिळतं, ते द्या, किंवा कोरड्यात कोमट पाणी घालून द्या. उकडलेल्या चिकनचं बिनमिठाचं पाणी वर ओतलंत तर तो वाटी चाटून पुसून ठेवेल. त्यात कांदा-लसूण मात्र अजिबात नको, त्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आपला रस्सा त्याला म्हणूनच चालत नाही. पाण्याच्या वाट्या घरात तीन-चार ठिकाणी ठेवा, टबापासून लांब. चपट्या तोंडाच्या बोक्याला उथळ, पसरट भांडं सोयीचं पडतं. माठातलं पाणी त्याला आवडेल, मातीच्या परातीत ठेवलं तर आणखी. आणि कूलर. आपल्याकडे डास होऊ नयेत म्हणून कूलरच्या टाकीत रॉकेल नाहीतर औषध टाकायची पद्धत आहे, आणि गार पाण्याच्या वासावर मांजर नेमकं तिथेच जातं. टाकीचं दार बंद ठेवा, आठवड्याला टाकी कोरडी करा. तारही बघून घ्या. ओल्या कूलरचा झटका माणसालाही सोडत नाही.

आणि दूध-पोळी बंद. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात आणि अंगातलं पाणी आणखी जातं. पोळीत तर त्याच्या कामाचं काहीच नाही. टॉरिन नावाचं एक द्रव्य मांजराला पुरेसं बनवता येत नाही, ते मांसातूनच मिळावं लागतं. ते कमी पडलं की डोळ्यांचा पडदा खराब होतो, हृदय सैल पडतं. हृदयाचा आणि टॉरिनचा हा संबंध १९८७ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिला, आणि त्यानंतर तयार खाण्यात टॉरिन वाढवलं गेलं. तुम्ही शाकाहारी असाल तर तुमची अडचण समजते, पण मांजर शाकाहारी होत नाही. घरात चिकन शिजवायचं नसेल तर पाकीट आणा.

आता रविवारची आंघोळ. ताई, रागावू नका, पण या पत्रातली निम्मी दुखणी तुमच्या स्वच्छतेतून आलीत. मांजर जागं असतं त्यातला मोठा वेळ स्वतःला चाटण्यात घालवतं. जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात, तीच त्याची फणी आणि तेच त्याचं पाणी. उन्हाळ्यात केसांवरची लाळ सुकते तेव्हा अंग थंड होतं, कारण घाम त्याला पंजांच्या गाद्यांवरच काय तो येतो. आता या प्राण्याच्या अंगावर तुम्ही जे काही लावाल ते त्याच्या पोटात जाणार. शाम्पू, पावडर, तेल, फरशीवरून पायाला लागलेलं फिनाईल, सगळं. मी माझ्याकडे येणाऱ्यांना एकच विचारते, हे तुम्ही त्याला चमच्याने पाजाल का? नाही ना, मग लावूही नका.

पाणी दुधासारखं पांढरं करणारं जंतुनाशक, काळं-पांढरं फिनाईल, निलगिरीचं तेल, कापूर, डांबराच्या गोळ्या, हे सगळं मांजराला विषारी. माणसाचं यकृत यातली बरीच रसायनं मोडून बाहेर टाकतं. मांजराच्या यकृतात त्या कामाची यंत्रणा फार तोकडी आहे. आपल्या घरातली तापाची पॅरासिटामॉलची गोळी याच कारणाने मांजराला मारते. एक गोळी पुरते. ‘अंग गरम लागलं म्हणून अर्धीच दिली’ असं सांगत आलेले लोक मी पाहिलेत आणि त्यातली सगळी मांजरं काही वाचली नाहीत. मांजराचं अंग आपल्याला नेहमीच गरम लागणार, त्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सियस असतं.

फरशी साबणाच्या पाण्याने पुसा, मग साध्या पाण्याने. वास येणार नाही तुम्हाला, पण आपल्याला फिनाईलच्या वासालाच स्वच्छता म्हणायची सवय लागलीय, त्याला मी काय करणार!

देशी, आखूड केसांच्या मांजराला आंघोळ जवळजवळ कधीच लागत नाही. तुमचा बोका लांब केसांचा आहे, त्याचं स्वतःचं चाटणं त्या केसांना पुरं पडत नाही, म्हणून त्याला महिना-दोन महिन्यांतून एकदा घालायला हरकत नाही. मांजरासाठीचा शाम्पू, कोमट पाणी, तोंडावर पाणी नाही, आणि नंतर मुळापर्यंत कोरडं करणं. वाळवणं हे खरं काम. वरून कोरडा दिसणारा पर्शियन आत ओला राहतो आणि कूलरच्या दमट खोलीत त्या ओलीत बुरशी धरते. कानाजवळ, तोंडावर किंवा पायांवर केस गेलेले गोल चट्टे दिसले तर तो नायटा समजून लगेच दाखवा. पर्शियन मांजरांत तो जास्त आढळतो आणि माणसांनाही लागतो. जून-जुलैत तर मी त्यावर डोळा ठेवूनच असते.

आंघोळीचा वेळ वाचला तो फणीला द्या. रोज दहा मिनिटं, रविवारची वाट न बघता. आधी धातूचा विरळ दातांचा कंगवा, मग आपली जुनी उवांची फणी. हो, तीच, आजीच्या वेळची दोन्ही बाजूंनी बारीक दातांची. कंगवा मुळापासून ओढू नका. केस मुळाशी चिमटीत धरायचे आणि टोकाकडून सोडवत यायचं, जशी आपण लहान मुलीची वेणी सोडवतो. गोळे होतात ते काखेत, जांघेत, कानामागे आणि पोटावर, म्हणजे जिथे त्याला हात लावलेला आवडत नाही तिथेच. त्यामुळे पहिल्या दिवशी पाठ, दुसऱ्या दिवशी पाठ आणि मान, असं सरकत जा. गाठीत चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळलं की ती सैल होते, आणि पोटात गेलं तरी काही बिघडत नाही. कात्री मात्र लावू नका. गाठीबरोबर खालची कातडी वर ओढली जाते आणि मांजराची कातडी कागदासारखी पातळ असते. मुलींच्या शिवणकामाच्या कात्रीने कापून नंतर टाके घालायला आणलेली मांजरं दर उन्हाळ्यात येतात. आताचे घट्ट झालेले गोळे डॉक्टरकडे मशीनने काढून घ्या.

गुळगुळीत करण्याबद्दल. गोळे फारच असतील तर एकदा पूर्ण उतरवावे लागतात, नाही असं नाही. पण ‘उकडतंय’ एवढ्यासाठी नको. पोटाचे आणि शेपटीखालचे केस आखूड करून घ्या, थंड फरशीवर पोट टेकलं की तेवढ्याने त्याला बरं वाटतं आणि घाणही चिकटत नाही. वरचे केस राहू द्या. विंचरलेले केस ऊन अडवतात, गुंता झालेले केस गरमी कोंडतात. त्यातून कापूस पांढरा आहे. पांढऱ्या मांजराची उघडी कातडी उन्हाने भाजते, आणि कानांच्या टोकांवर वर्षानुवर्षं ऊन लागलं तर तिथे कर्करोगही होतो. गच्चीवर दुपारी सोडू नका.

पर्शियनचे डोळे पाझरतात, ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण पाझरतच असतील. उकळून गार केलेल्या पाण्यात बोळा भिजवून रोज पुसा, प्रत्येक डोळ्याला वेगळा. कापसाचे डोळे कापसानेच! कान काळ्या रवाळ मळाने भरले असतील तर त्यात तेल सोडू नका, तो किडा असतो, त्याचं औषध वेगळं.

पावडरीचा किस्सा फार थोडक्यात निभावला. कुत्र्यांच्या पिसवा-गोचिडांच्या पुष्कळ औषधांत परमेथ्रिन असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराला झटके येतात. फेस, थरथर, कान फडफडणं, तोल जाणं यातलं काही दिसलं तर कोमट पाणी आणि भांड्यांचा सौम्य साबण घेऊन लगेच धुऊन काढा आणि तसंच उचलून दवाखान्यात न्या. आंघोळ खरोखर हवी ती अशा वेळी.

पिसवांचं गणित असं आहे की अंगावर दिसतात त्या थोड्या. अंडी, अळ्या, कोश हा सगळा मोठा पसारा सोफ्यात, गोधडीत, फरशीच्या फटीत असतो. अळीला ओलावा लागतो. नागपूरच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत ती टिकत नाही, पण आपण खोलीभर कूलर लावून तिची सोय करून देतो. म्हणून त्याची गोधडी, उशी, सोफ्याची खोळ गरम पाण्याने धुवा आणि गच्चीवर भर दुपारी टाका. एवढं ऊन फुकट मिळतंय, त्याचा हा तरी उपयोग. सोफ्याखालचा केर रोज काढा आणि घराबाहेर टाका. फणीत पिसू आली की साबणाच्या पाण्यात बुडवा, नखावर चिरडत बसू नका. काळे कण आले तर ओल्या पांढऱ्या कागदावर दाबा. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. औषध डॉक्टरने वजन बघून दिलेलं, ‘मांजरासाठी’ असं लिहिलेलं, मानेवर अगदी मागे लावायचं, जिथे त्याची जीभ पोचत नाही. आणि महिन्याला एकदा असं निदान तीन महिने, कारण कोशातली पिसू आठवडेच्या आठवडे वाट बघत बसते. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काही चिकटलेलं दिसलं तर तो पट्टकृमी. तो चाटताना गिळलेल्या पिसवांतूनच येतो. मग जंताचंही औषध लागेल.

आता सुनेचं. शेजारणीच्या बोलण्यात तथ्य आहे, पण त्यावरून मांजर सोडून देण्यापर्यंत जायचं कारण नाही. टोक्सोप्लाझ्मा नावाचा एक परजीवी मांजराच्या विष्ठेतून येऊ शकतो आणि गरोदरपणात पहिल्यांदाच लागण झाली तर गर्भाला अपाय होतो, हे खरं. पण मांजराला तो होतो कच्चं मांस किंवा उंदीर-पाखरं खाऊन. लागण झाल्यावर ते सहसा आयुष्यात एकदा, एक ते तीन आठवडे, त्याची अंडी टाकतं. ती पडल्यापडल्या बाधत नाहीत, निदान एक दिवस तरी जावा लागतो. म्हणजे घराबाहेर न पडणारा, शिजलेलं नाहीतर पाकिटातलं खाणारा कापूस, आणि रोज साफ होणारा टब, यात धोका फार थोडा उरतो. टब तुम्ही किंवा मुलाने साफ करायचा, सुनेने नाही. हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा. दिवसातून दोनदा गोळे उचला, आठवड्याला सगळी रेती बदला, टब गरम पाण्याने आणि साबणाने घासा. तिथेही फिनाईल नको, वासाने तो टब सोडून तुमच्या दिवाणावर जाईल.

सुनेने त्याला कुरवाळलं तर काही होत नाही. तिला जपायचं ते अर्धवट शिजलेल्या मटणापासून, न धुतलेल्या कोथिंबीर-मेथीपासून आणि कुंडीच्या मातीपासून, कारण पुष्कळांना लागण त्यातूनच होते. तपासणी करायची की नाही ते तिच्या डॉक्टरना ठरवू द्या, पण घरी मांजर आहे हे त्यांना जरूर सांगा.

लसींचं थोडक्यात. दर वर्षी रेबीजची, आणि तिहेरी लस डॉक्टर सांगतील त्या अंतराने. बोका घरातच असतो म्हणून रेबीजची टाळू नका. त्याने दात किंवा नख लावलं तर जखम १५ मिनिटं वाहत्या पाण्यात साबणाने धुवायची आणि त्याच दिवशी माणसाच्या डॉक्टरकडे जायचं, हळद भरून बसायचं नाही. नसबंदी झाली नसेल तर करून घ्या, भिंतींवर लघवीचे फवारे मारणं कमी होईल आणि फिनाईलची गरजही तुम्हाला कमी वाटेल.

राहिला नवतपा. चपट्या नाकाचं मांजर श्वासाने अंग फारसं थंड करू शकत नाही, म्हणून पर्शियनला ऊन देशी मांजरापेक्षा लवकर बाधतं. बारा ते पाच त्याला टिनाच्या शेडमध्ये, बंद गच्चीत किंवा उभ्या गाडीत कधीच ठेवू नका. दवाखान्यात न्यायचंच असेल तर सकाळी लवकर, पेटीत ओला टॉवेल घालून. वीज गेली तर कूलरचा भरवसा नाही, तेव्हा पडदे ओढा आणि खालच्या मजल्यावर न्या. मांजर कुत्र्यासारखं जीभ काढून धापत असेल तर ते गमतीचं नाही. लाळ, लालभडक हिरड्या, लडखडणं ही त्यापुढची पायरी. कान, पंजे, पोट साध्या पाण्याने ओलं करा, पंखा लावा, आणि त्याच अवस्थेत रिक्षात बसा. बर्फाचं पाणी ओतू नका, त्याने कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच राहते. नागपुरात पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथला बाह्यरुग्ण विभाग आणि घराजवळचा रात्री उघडा असणारा एक दवाखाना, दोन्हींचे नंबर आजच फ्रिजवर लावून ठेवा.

फोनवर तुम्ही म्हणालात, दुपारी तो न्हाणीघरात मोरीजवळ चारी पाय पसरून झोपतो, आणि घाणीत लोळतो म्हणून तुम्ही उचलून त्याला गादीवर आणून ठेवता. आणू नका. घरातली सगळ्यात गार जागा त्याने शोधलीय. तिथली फिनाईलची बाटली तेवढी हलवा.